तुरुंगातल्या माणसाला पत्र, पैसे आणि सामान कसं पाठवायचं: महाराष्ट्रातल्या कारागृहांसाठी सविस्तर मार्गदर्शन

घरातला माणूस न्यायालयीन कोठडीत गेला की घरचे सगळ्यात आधी पिशवी भरायला घेतात. टॉवेल, दोन शर्ट, साबण, पेस्ट, शेव-चिवडा, बेसनाचे लाडू, बीपीच्या गोळ्या, आजीने दिलेला अंगारा. मग कुणीतरी ती पिशवी मांडीवर घेऊन एसटीने जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या गावी जातं, दारात दोन तास उभं राहतं आणि निम्मी पिशवी तशीच परत आणतं. त्याच आठवड्यात अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र टाकलं असतं तर ते सुरळीत आत पोचलं असतं. पण ते कुणाला सुचत नाही.

कागद टपालाने जातो, पैसा मनीऑर्डरने किंवा कारागृहाच्या खिडकीवर भरून जातो आणि वस्तू जमेल तितक्या हातानेच द्याव्यात, एवढं आधी पक्कं करा. वस्तूंचं पार्सल टपालाने पाठवणं हा शेवटचा उपाय, तोही आधी विचारून. या तीन वाटा एकमेकींत मिसळल्या की अडचण होते: पाकिटात नोट, पार्सलात पत्र, कपड्यांच्या घडीत गोळ्यांची पट्टी.

आधी एवढं शोधून काढा

पहिला प्रश्न: माणूस पोलीस कोठडीत आहे की न्यायालयीन कोठडीत? पोलीस कोठडी असेल तर तो पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये आहे. तिथे टपालाचा प्रश्नच येत नाही. जेवण, कपडे, औषध यांचं जे काही असेल ते तपास अधिकाऱ्याशी किंवा वकिलामार्फत कोर्टाशी बोलून ठरतं. या लेखातलं सगळं न्यायालयीन कोठडी सुरू झाल्यावर, म्हणजे माणूस कारागृहात दाखल झाल्यावर लागू होतं.

दुसरा प्रश्न: नेमकं कुठलं कारागृह? 'पुण्याला नेलंय' यावर थांबू नका. महाराष्ट्रात येरवडा, मुंबई, ठाणे, तळोजा, नाशिकरोड, छत्रपती संभाजीनगरचं हर्सूल, कोल्हापूरचं कळंबा, अमरावती आणि नागपूर अशी मध्यवर्ती कारागृहं आहेत. त्याखाली जिल्हा कारागृहं, स्त्रियांसाठीची वेगळी कारागृहं आणि पैठणसारखी खुली कारागृहं. येरवड्यात पुरुषांचं आणि महिलांचं कारागृह वेगळं, कार्यालयं वेगळी. बाई मुंबईत अटकेत असेल तर ती बहुतेक भायखळ्याला असते, आर्थर रोडला नव्हे. तळोजा कारागृह नावाने तळोजा असलं तरी ते खारघरच्या बाजूला आहे. तळोजा एमआयडीसीत रिक्षा करून फिरणारे नातेवाईक पाहिलेत.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तो कच्चा आहे की पक्का? कार्यालयीन भाषेत न्यायाधीन बंदी की सिद्धदोष बंदी. खटला चालू असलेला माणूस कच्चा, शिक्षा लागलेला पक्का. 1894च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 31 नुसार शिक्षा न झालेल्या बंद्याला स्वतःचं अन्न, कपडे, अंथरूण आणि गरजेच्या वस्तू बाहेरून मिळवता येतात. त्यांची तपासणी होणार आणि महानिरीक्षकांचे नियम पाळावे लागणार, ही अट. शिक्षा झालेल्याला हे कलम लागू नाही. त्याला कारागृहाचे कपडे, कारागृहाचं अंथरूण. म्हणून शेजारच्या माणसाची पिशवी आत गेली आणि तुमची परत आली, तर लगेच 'त्याने पैसे चारले असणार' असं धरू नका. त्याचा मुलगा कच्चा असेल आणि तुमचा भाऊ पक्का.

चौथी गोष्ट म्हणजे बंदी क्रमांक. दाखल होताना प्रत्येकाला नंबर मिळतो, कच्च्याचा वेगळा, पक्क्याचा वेगळा. शिक्षा लागली की नंबर बदलतो. मोठ्या कारागृहात एकाच नावाचे चार जण सहज असतात. तेव्हा पूर्ण नाव, वडिलांचं नाव, नंबर, आणि माहीत असेल तर सर्कल (कारागृहातला विभाग) आणि बराक, एवढं एका कागदावर लिहून घरात सगळ्यांच्या फोनमध्ये त्याचा फोटो ठेवा. नंबर वकिलाकडून किंवा पहिल्या मुलाखतीत, म्हणजे कारागृहातल्या भेटीत, त्याच्याकडूनच मिळतो.

कारागृह हा घटनेनुसार राज्याचा विषय आहे. त्यामुळे केंद्राचा जुना कायदा, महाराष्ट्राचे 1962चे बंद्यांच्या सुविधांचे नियम, 1979ची राज्याची नियमावली आणि शेवटी त्या त्या अधीक्षकाचा आदेश अशी उतरंड असते. रोजच्या व्यवहारात वरच्या तिघांपेक्षा शेवटचा आदेश जास्त चालतो. मुलाखतीचे दिवस, कपडे कुठल्या वारी घेतात, पैसे कुठल्या खिडकीवर, हे कारागृहागणिक बदलतं. निघण्याआधी कारागृहाच्या फोनवर विचारा. फोन लागला नाही तर परवाच जाऊन आलेल्या कुणाला तरी विचारा. मुलाखतीच्या रांगेतली माणसं या बाबतीत कुठल्याही वकिलापेक्षा ताजी माहिती देतात.

पत्र

पत्त्यात माणसाचं नाव आधी आणि कारागृह नंतर. असा लिहा:

बंदीचं पूर्ण नाव (वडिलांचं नाव आणि आडनावासह)
न्यायाधीन बंदी क्रमांक / सिद्धदोष बंदी क्रमांक
सर्कल, बराक
द्वारा: मा. अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, येरवडा, पुणे 411006

मुंबईचं असेल तर खाली मुंबई मध्यवर्ती कारागृह, साने गुरुजी मार्ग, मुंबई 400011. आर्थर रोडचं हे सरकारी नाव. पोस्टमनला दोन्ही नावं कळतात, पण पिनकोड चुकवू नका. मागच्या बाजूला तुमचं पूर्ण नाव, पत्ता आणि नातं लिहा. पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पत्र सेन्सॉरच्या टेबलावर आधी बाजूला पडतं.

पाकिटापेक्षा आंतरदेशीय बरं, असं माझं मत आहे. एकच कागद, आत काही लपवायला जागा नाही, तपासणाऱ्याला उघडून वाचायला सोपं. पाच पानी पत्र तपासायला वेळ लागतो आणि ज्याला वेळ लागतो ते उद्यावर जातं. लांबलचक लिहायचंच असेल तर दोन-तीन पानांची मर्यादा घाला, पानांवर 1/3, 2/3 असे आकडे टाका, साध्या पाकिटात घाला. स्टेपलर, टाचणी, सेलोटेप, चमकी, चिकटवलेली टिकली, अत्तर, दोन थरांचं भेटकार्ड, वाजणारं कार्ड यातलं काही नको. मुलांनी काढलेलं चित्र पाठवा, जरूर पाठवा, पण साध्या कागदावर पेन्सिलीने किंवा पेनाने. पाकिटात नोट घालू नका. रोख रक्कम बंद्याजवळ ठेवताच येत नाही; ती एक तर वाटेत जाते नाही तर पत्रच अडकवते.

प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तारीख आणि क्रमांक लिहा: 'पत्र 4, 12 जून'. मधलं एखादं पोचलं नाही तर त्याला लगेच कळतं, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुमच्याजवळ हिशेब असतो. टाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पत्र आत गेल्यावर काय होतं? गेटवर टपाल येतं, नोंद होते, मग पत्रं उघडली जातात आणि वाचली जातात. वाचणारा माणूस महाराष्ट्रात मराठी आणि हिंदी सहज वाचतो. घरची बोली कन्नड, तेलुगू किंवा गुजराती असेल तर ती वाचणारा शोधण्यात दिवस जातात. शक्य असेल तर मराठीत किंवा हिंदीत लिहा. अक्षर सुवाच्य हवं. नंतर पत्र बराकीत पोचतं. बंद्याला वाचता येत नसेल तर शेजारचा कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवतो, आणि बराकीत पन्नास-साठ कान असतात. म्हणजे तुमचं पत्र एक अधिकारी वाचणार आणि कदाचित अख्खी बराक ऐकणार, असं समजून लिहा. नवरा-बायकोचं भांडण, बहिणीच्या सोयरिकीची बोलणी, घरात किती रोकड आहे, हे पत्रात नको.

खटल्याबद्दल एक ओळही लिहू नका. साक्षीदाराचं नाव नको, 'अमुकला भेटून आलो' नको, 'तू सांगितलेलं काम झालं' असलं मोघम वाक्य तर मुळीच नको. तुमच्या मनात विहिरीची मोटर दुरुस्त झाली हे असेल, वाचणाऱ्याला त्यात दुसरंच दिसेल. सरळ लिहा: 'मोटर दुरुस्त झाली, 2,200 रुपये लागले.' आतल्या माणसाला असलीच पत्रं हवी असतात. लाइट बिल किती आलं, गाय व्याली का, पोरीला गणितात किती पडले, समोरच्यांनी वरचा मजला चढवला का. 'धीर धर, देव आहे' हे दोनदा लिहून झालं की पत्र संपतं. मोटर आणि गणित यांवर मात्र पानभर लिहिता येतं, आणि उत्तरात त्यालाही काही विचारता येतं.

एक बातमी पत्राने कधीही कळवू नका: घरातला मृत्यू. ती अधीक्षकांना फोन करून, लेखी अर्ज देऊन आणि वकिलामार्फत कळवा. सिद्धदोष बंद्याला तातडीच्या पॅरोलसाठी आणि कच्च्याला कोर्टाच्या परवानगीसाठी मृत्यूचा दाखला किंवा निदान ग्रामपंचायतीचं, दवाखान्याचं पत्र लगेच लागतं. त्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

किती पत्रं लिहावीत? केंद्राच्या 2016च्या आदर्श कारागृह नियमावलीत येणाऱ्या पत्रांना संख्येची मर्यादा नसावी असं म्हटलं आहे. आठवड्याला एक, ठरलेल्या वारी, हे जमण्यासारखं आहे. सुरुवातीला रोज आणि तिसऱ्या महिन्यापासून बंद, असं होऊ देऊ नका. बाहेर जाणारी पत्रं त्याच्या बाजूने मर्यादित असतात, म्हणून उत्तराची वाट न पाहता लिहीत राहा. उत्तरासाठी कोरं आंतरदेशीय जोडू का, असं बरेच जण विचारतात. काही ठिकाणी ते देतात, काही ठिकाणी काढून घेतात. त्याला कारागृहातच पत्र विकत घेता यावं म्हणून खात्यात पैसे ठेवणं जास्त खात्रीचं.

फोटो पाठवायचे तर साधे छापलेले, दोन-तीन. मागे नाव आणि नातं लिहा. फोटोत खटल्याशी संबंधित कुणी नसावं.

पत्रव्यवहाराच्या हक्काबद्दल महाराष्ट्रातलंच एक जुनं उदाहरण आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित बायकोकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1965 साली निकाल संझगिरींच्या बाजूने लागला: स्थानबद्धतेच्या अटींत नसलेली बंदी सरकारला आपल्या मनाने घालता येणार नाही. पुढे 1980च्या दशकात मधुकर जांभळे यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने 1962च्या नियमांतली दुसऱ्या कारागृहातल्या बंद्याला पत्र लिहिण्यावरची सरसकट बंदीही रद्द केली. दोघे भाऊ दोन वेगळ्या कारागृहांत असतील तर हे उपयोगी पडतं.

पैसे

आत नोटा चालत नाहीत. प्रत्येक बंद्याच्या नावे खासगी रोख रकमेचं खातं असतं. बाहेरून आलेले पैसे त्यात जमा होतात आणि त्यातून तो कँटीनमधून साबण, तेल, पेस्ट, बिस्किटं, फरसाण, पत्रं घेतो. त्यामुळे घरून साबण-पेस्ट नेण्यात अर्थ नाही. ते दारात अडतं आणि आत मिळतं.

पैसे भरायच्या दोन वाटा. मुलाखतीला गेलात तर खिडकीवर भरा आणि पावती घ्या. लांब राहत असाल तर टपाल कार्यालयातून मनीऑर्डर. पत्ता पत्रासारखाच, नंबरासकट. नंबर नसला की पैसे कुणाच्या खात्यात टाकायचे हा प्रश्न पडतो आणि मनीऑर्डर परत फिरते. कमिशन साधारण 5 टक्के, म्हणजे 2,000 रुपयांवर 100 रुपये. एका मनीऑर्डरची कमाल रक्कम 5,000.

महिन्याला किती पैसे घेता येतात यालाही कमाल मर्यादा आहे. 2021मध्ये आर्थर रोडमधल्या एका गाजलेल्या प्रकरणात वर्तमानपत्रांनी 4,500 रुपये हा आकडा छापला होता, तो लोकांच्या डोक्यात बसला आहे. अशा मर्यादा परिपत्रकाने बदलतात. खिडकीवर आजचा आकडा विचारून मगच पाठवा. आणि घरातल्या तिघांनी एकाच महिन्यात वेगवेगळी मनीऑर्डर करू नये. पाठवणारा एकच ठरवा. भाऊ पाठवतो, बायको पाठवते, मित्रही पाठवतात, मर्यादा ओलांडते आणि पैसे पडून राहतात.

'मी जेलमधून साहेब बोलतोय, तुमच्या माणसाला मारहाण होऊ नये असं वाटत असेल तर या नंबरवर पाठवा' असे फोन नातेवाइकांना येतात. मोबाइलवरच्या कुठल्याही खासगी नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. नाव, हुद्दा, वेळ आणि नंबर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी वकिलाला द्या आणि अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा.

कपडे आणि खिडकी

कच्च्या बंद्यासाठी कपडे घेऊन गेलात तर खिडकीवर काय होतं ते पाहण्यासारखं असतं. हवालदार शर्टाची घडी मोडतो, कॉलर दोन बोटांत धरून टोकापर्यंत चाचपत नेतो, मग बाहीची दुमड, खिशाची शिवण, पॅन्टचा पट्टा, खालची मोहरी. कॉलरमध्ये कडक कापड भरलेलं असलं की तो थांबतो, वाकवून पाहतो, आणि मनात शंका आली तर ब्लेडने उसवतो. चप्पल दोन्ही हातांनी वाकवली जाते. जाड तळव्याची तर उघडलीच म्हणून समजा. नवा, खोक्यातला शर्ट नेला तर टाचण्या, पुठ्ठा, प्लास्टिकची पट्टी सगळं तिथेच काढावं लागतं आणि मागची रांग तुमच्याकडे बघत राहते.

म्हणून: एकेरी शिवणीचे, मऊ कॉलरचे किंवा बिनकॉलरचे, एकदा धुतलेले सुती कपडे. टी-शर्ट, साधी पॅन्ट किंवा पायजमा, बनियन, अंडरवेअर, टॉवेल. खाकी नको, खाकीच्या जवळचा रंगही नको. पट्टा नको, टोपीवाला जॅकेट नको, खूप खिशांची कार्गो पॅन्ट नको, अस्तर लावलेलं काही नको. चप्पल साधी रबरी. बायकांसाठी साडी, परकर, ब्लाउज किंवा सलवार-कमीज, ओढणी आणि नाडीबद्दल आधी विचारून. दोन जोड पुरे. जागा किती असते याचा अंदाज घ्या. गर्दीच्या बराकीत माणसाला झोपायला जेमतेम हात-दीड हात जागा मिळते, तिथे सहा शर्ट म्हणजे त्याची डोकेदुखी.

सोबत एका कागदावर वस्तूंची यादी दोन प्रतींत न्या: टी-शर्ट निळा 2, पायजमा पांढरा 1, टॉवेल 1. एका प्रतीवर पोच मागा. सही-शिक्का मिळेलच असं नाही, पण यादी दिली की वस्तू मोजून घेतल्या जातात. तुमचं आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स सोबत ठेवा. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, तेव्हा लागणारे नंबर कागदावर लिहून न्या.

सिद्धदोष बंद्यासाठी यातलं बहुतेक काही चालत नाही. स्वेटर, आतले कपडे यांसारख्या वस्तू अधीक्षकांच्या परवानगीने मिळू शकतात. आधी अर्ज, मग वस्तू.

घरचा डबा हा स्वतंत्र विषय आहे. कलम 31 कच्च्या बंद्याला बाहेरचं अन्न घेऊ देतं, पण प्रत्यक्षात कोर्टाचा आदेश असल्याशिवाय डबा आत जात नाही, आणि कोर्ट सहसा वैद्यकीय कारण विचारतं. मधुमेह, अल्सर, म्हातारपण असेल तर वकिलामार्फत डॉक्टरांच्या कागदांसह अर्ज करा. आदेश मिळाला तरी रोज ठरलेल्या वेळी डबा पोचवणारं माणूस घरात आहे का, याचा विचार अर्जाआधी करा. टपालाने लाडू-चिवडा पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि कुणीही, कितीही ओळखीचा असो, 'एवढी पुडी तुमच्या कपड्यांत घाला, माझ्या भावाला द्यायचीय' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मनाई असलेली वस्तू आत नेणं किंवा नेण्याचा प्रयत्न करणं याला कारागृह अधिनियमाच्या कलम 42 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अमली पदार्थ निघाला तर त्याचा वेगळा, फार मोठा गुन्हा. दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे हे ऐकून काही जण हसतात. कैद मात्र खरी असते.

औषध, चष्मा, पुस्तकं

औषध बंद्याच्या हातात द्यायचं नसतं, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातं. जुनी फाइल, अलीकडचं प्रिस्क्रिप्शन आणि औषधाचं बिल, तिघांच्या झेरॉक्स जोडून अधीक्षकांच्या नावे अर्ज करा. गोळ्यांच्या पट्ट्या अख्ख्या असाव्यात, कापलेल्या नाहीत; नाव आणि मुदतीची तारीख वाचता आली पाहिजे. बाटलीतली सैल पावडर, पुडीतलं आयुर्वेदिक चूर्ण यांचं नाव काढू नका. अटकेच्या वेळीच आजाराची नोंद करून घेतली असेल तर पुढचं सोपं जातं. नसेल तर पुढच्या तारखेला वकिलाने ती कोर्टात नोंदवावी.

चष्म्याचं एक प्रकरण बरंच गाजलं. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा तळोजा कारागृहात असताना त्यांचा चष्मा चोरीला गेला, आणि घरच्यांनी टपालाने पाठवलेला नवा चष्मा कारागृहाने घेतला नाही, अशी कुटुंबाची तक्रार होती. डिसेंबर 2020मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यावर कारागृह अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे अशा शब्दांत नाराजी नोंदवली. यातून घ्यायचं ते एवढंच: पार्सल पाठवण्याआधी लेखी परवानगीचा अर्ज करा, त्याची पोच ठेवा, मग पाठवा. पार्सलात परवानगीच्या अर्जाची प्रत सगळ्यात वर ठेवा. चष्मा प्लास्टिकच्या फ्रेमचा, डॉक्टरांनी लिहून दिलेला नंबर सोबत, धातूची डबी नको.

पुस्तकं आत जातात, पण तीही वाचली, निदान चाळली जातात. त्याच तळोज्यात एका इंग्रजी विनोदी लेखकाचं पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून अडवलं गेलं होतं आणि 2022मध्ये उच्च न्यायालयाने हा प्रकार हास्यास्पद ठरवला. तेव्हा कुठलं पुस्तक अडेल याचा तर्क करू नका. साध्या बांधणीचं, नवं, आत काहीही लिहिलेलं नाही असं पुस्तक पाठवा. जाड पुठ्ठ्याचं नको. पुठ्ठ्यात पोकळी करता येते हे तपासणाऱ्याला माहीत असतं. एकावेळी दोन-तीन, यादीसह. पोथी, कुराण, बायबल, जपमाळ याबद्दल आधी विचारा, बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत. शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची अभ्यासकेंद्रं राज्यातल्या मोठ्या कारागृहांत आहेत. त्यांची पुस्तकं त्या केंद्रामार्फत येतात, घरच्यांनी फक्त जुन्या मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला पोचवायचा असतो. तो पोचवायला घरचे सहा-सहा महिने लावतात आणि त्याचं एक वर्ष जातं.

राखी टपालाने पाठवता येते. पाकिटात साधी दोऱ्याची राखी आणि चार ओळी, बस. दिवा लागणारी, धातूची, मोठ्या फुग्याची राखी नको, सोबत पेढा नको. सणाच्या आधी दोन आठवडे टाका. त्या काळात टपाल वाढतं आणि तपासणारे तेवढेच असतात.

सहीचे कागद आणि वकिलाची पत्रं

वकीलपत्रावर सही हवी असेल तर ते साध्या टपालाने पाठवू नका. वकिलाचा माणूस कारागृहात देतो, बंद्याची सही किंवा अंगठा घेतला जातो आणि तुरुंगाधिकारी साक्षांकित करून परत देतात. बँकेचे फॉर्म, मुखत्यारपत्र, पीक विम्याचे, वारसाचे कागद यांनाही अधिकाऱ्यांचं साक्षांकन लागतं. मुखत्यारपत्रासारख्या कागदासाठी कोर्टाची परवानगीही मागावी लागते. शिक्षण खात्यासाठी, शेतीसाठी कुठले कागद लागणार आहेत ते गोळा करून एकदमच न्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला साध्या कागदावर अर्ज करा: 1987च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 खाली कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज बंदी आतूनही करू शकतो.

परत आलं तर

पाकीट परत आलं की आधी त्यावरचा शेरा वाचा. 'घेण्यास नकार' हा एक, आणि 'या नावाचा बंदी नाही' हा दुसरा. दुसरा असेल तर बहुतेक त्याची दुसऱ्या कारागृहात रवानगी झाली आहे किंवा तो सुटला आहे. आजकाल तारखेला कोर्टात न नेता व्हिडिओवर हजर करतात, त्यामुळे बदली झाल्याचं घरी कळायला उशीर होतो. वकिलाला विचारा, किंवा ई-प्रिझन्स या कारागृहांच्या सरकारी संकेतस्थळावर ई-मुलाखतीची, म्हणजे व्हिडिओवरच्या भेटीची, नोंदणी करून पाहा: राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, तुमचं ओळखपत्र आणि मोबाइल नंबर भरावा लागतो. व्हिडिओवर भेट झाली की काय पोचलं, काय नाही, हेही त्याच्याच तोंडून कळतं. वस्तू पाठवण्याआधी ही भेट घ्या. त्याला मच्छरदाणी नको, मोजे हवे असतात.

नकार असेल तर अधीक्षकांना लेखी अर्ज: कधी, काय पाठवलं, टपाल पावतीचा क्रमांक, कारण लेखी कळवावं ही विनंती. एक पान पुरे, आरोप नकोत. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्टाची जुनी स्वतंत्र सेवा 2025मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर नोंदणीची सोय मागून घ्या आणि पावती जपा. उत्तर आलं नाही तर प्रादेशिक उपमहानिरीक्षक, त्यावर पुण्यातलं कारागृह व सुधारसेवा विभागाचं मुख्यालय. कच्च्या बंद्याच्या बाबतीत मात्र सगळ्यात लवकर परिणाम होतो तो खटला चालू असलेल्या कोर्टात वकिलाने दिलेल्या अर्जाचा. कोर्टाने अहवाल मागवला की चष्म्याला दोन दिवसांत परवानगी मिळते.

महाराष्ट्राबाहेर माणूस असेल तर वरचा साचा तोच, तपशील वेगळे. गोव्यात आग्वादचं जुनं कारागृह 2015मध्ये बंद होऊन बंदी कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात गेले. जुन्या पत्त्यावर अजून पत्रं टाकणारे आहेत. बेळगावच्या हिंडलगा कारागृहाला कर्नाटकचे नियम लागू होतात, महाराष्ट्राची परिपत्रकं तिथे दाखवून उपयोग नाही. परदेशातून पत्र सरळ येऊ शकतं, पैसे मात्र इथल्या नातेवाइकाच्या खात्यावर पाठवून त्यालाच बंद्याच्या नावे मनीऑर्डर करायला सांगा.